पेट्रोलियम अभियांत्रिकीतल्या संशोधकाचे पेपर आणि सायटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवड समितीवर बसणारे, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणारे आणि स्वतःचं प्रोफाइल पाहून गोंधळलेले, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न मूलभूत आहेत. खरी गुंतागुंत चौथ्या प्रश्नापासून सुरू होते.

१. सायटेशन म्हणजे नेमकं काय मोजतात?

एका पेपरच्या शेवटी दिलेल्या संदर्भसूचीत दुसऱ्या पेपरची नोंद असली, की त्या दुसऱ्या पेपरला एक सायटेशन मिळतं. मजकुरात त्याचा उल्लेख दहा वेळा आला तरी मोजणी एकदाच होते. "या पद्धतीत चूक आहे" असं सांगण्यासाठी केलेला उल्लेख आणि "याच पद्धतीवर आमचं सगळं काम उभं आहे" असं सांगणारा उल्लेख, दोघांचं वजन सारखंच. म्हणून हा आकडा पेपर किती जणांनी नोंदवला एवढंच सांगतो. तो किती जणांनी वाचला किंवा किती विहिरींवर वापरला, हे त्यातून कळत नाही.

२. एच-इंडेक्स आणि आय-टेन कसे काढतात?

एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडली. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. ज्या शेवटच्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतके किंवा जास्त आहेत, तो एच-इंडेक्स. समजा आठ पेपरांचे आकडे ४०, २२, १५, ९, ८, ६, ५, २ असे आहेत. सहाव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे तो चालतो. सातव्याला फक्त ५, तिथे थांबायचं. एच-इंडेक्स ६.

आय-टेन हा गूगल स्कॉलरचा आकडा आहे: दहा किंवा अधिक सायटेशन असलेले पेपर किती? वरच्या उदाहरणात तीन. काढायला सोपा, पण त्यावरून निर्णय घेण्याजोगा नाही.

यादीतल्या नोंदी तशाच राहिल्या तर एच-इंडेक्स खाली येत नाही, निवृत्तीनंतरही वाढू शकतो. त्यामुळे तो कारकिर्दीच्या लांबीशी घट्ट बांधलेला असतो. पाच वर्षांच्या संशोधकाचा आणि तीस वर्षांच्या प्राध्यापकाचा एच-इंडेक्स शेजारी ठेवून तुलना करणं निरर्थक आहे.

३. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन मोजणारे डेटाबेस तीन वेगळे आकडे देतात. खरा कोणता?

तिन्ही खरे. प्रत्येकाचं कुंपण वेगळं आहे इतकंच.

गूगल स्कॉलर वेबवर सापडेल ते मोजतो: जर्नल, परिषदांचे पेपर, प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुले केलेले मसुदे), पुस्तकं, पेटंटसुद्धा. म्हणून त्याचा आकडा जवळजवळ नेहमी सर्वांत मोठा असतो. प्रोफाइल संशोधक स्वतः सांभाळतो, त्यामुळे त्यात दुसऱ्याचे पेपर शिरलेले असू शकतात. स्कोपस ठरावीक जर्नल आणि परिषदाच घेतं. त्यातल्या संदर्भसूच्या मुख्यतः १९७० पासून पुढच्या आहेत, म्हणून त्याआधीच्या सायटेशनचा हिशेब तिथे अपुरा असतो. वेब ऑफ सायन्सची निवड आणखी कडक. शिवाय तिथे परिषदांच्या पेपरांची सूची वेगळी आहे. तुमच्या संस्थेने ती घेतली नसेल, तर त्याच संशोधकाचा आकडा तुमच्याकडे कमी आणि शेजारच्या विद्यापीठात जास्त दिसेल. यावरून झालेले वाद कमी नाहीत.

नियम साधा आहे: आकडा लिहिताना स्रोत आणि तारीख लिहा, आणि दोन माणसांची तुलना एकाच स्रोतात, एकाच दिवशी करा.

४. एकच पेपर यादीत दोनदा का दिसतो? शीर्षक तेच, लेखक तेच, वर्ष वेगळं.

या विषयातला हा सर्वांत मोठा घोळ आहे, आणि बाहेरच्या परीक्षकाला तो बहुधा माहीत नसतो.

सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्स, म्हणजे एसपीई, हिच्या परिषदेत पेपर सादर झाला की त्याला एक क्रमांक मिळतो आणि मागे 'एमएस' हा प्रत्यय लागतो. ही परिषदेतली प्रत. लेखकांनी तोच पेपर पुढे जर्नलकडे पाठवला आणि पीअर रिव्ह्यूतून, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांच्या परीक्षणातून, तो पार झाला, तर जर्नलमधल्या प्रतीला बहुतेक वेळा तोच क्रमांक राहतो, प्रत्यय मात्र 'पीए' होतो. दोन्हींचे डीओआय, म्हणजे प्रत्येक प्रकाशनाला मिळणारे कायमचे ओळख-क्रमांक, वेगळे. एसपीईचे डीओआय १०.२११८ ने सुरू होतात, तेव्हा ते ओळखणं सोपं आहे. दोन प्रतींमध्ये वर्ष-दोन वर्षांचं अंतर सहज पडतं. मध्यंतरी मजकूर बदलतो, कधी शीर्षकही.

इथे तिसरी प्रतही निघू शकते. एसपीईचं मासिक 'जर्नल ऑफ पेट्रोलियम टेक्नॉलॉजी' निवडक परिषद-पेपरांचे सारांश छापतं. त्या सारांशाला स्वतःचा डीओआय असतो आणि शेवटी 'जेपीटी' असतं. तो नवा पेपर नव्हे. प्रकाशनांच्या यादीत तो स्वतंत्र पेपर म्हणून मोजलेला दिसला, तर तो वगळा. विद्यार्थी स्पर्धेतल्या पेपरांना 'एसटीयू' प्रत्यय असतो.

त्यामुळे सायटेशन फुटतात. काही लेखक 'एमएस' नोंदवतात, काही 'पीए', आणि स्कोपसमध्ये हे दोन वेगळे दस्तऐवज राहतात. यादी तपासताना हे करा: एसपीईच्या सर्व पेपरांचे क्रमांक प्रत्यय काढून एका रकान्यात लिहा आणि रकाना क्रमाने लावा. जुळे लगेच शेजारी येतात. शीर्षक बदललेले जुळेसुद्धा याने सापडतात. शीर्षकावरून शोधलं तर ते निसटतात.

सागरी तंत्रज्ञानाच्या ओटीसी परिषदेचे डीओआय १०.४०४३ ने आणि आयपीटीसी या आंतरराष्ट्रीय पेट्रोलियम तंत्रज्ञान परिषदेचे १०.२५२३ ने सुरू होतात. हे सगळे पेपर वनपेट्रो या एकाच ग्रंथसंग्रहात सापडतात, पण डीओआय पाहिल्याशिवाय कुठली परिषद ते गृहीत धरू नका.

५. मग स्कॉलरवर दोन्ही प्रती 'मर्ज' केल्या तर एच-इंडेक्स वाढतो ना?

वाढेलच असं नाही. कमीही होऊ शकतो.

वाढण्याचं उदाहरण: ३०, २१, १४, ११, ७, ५, ५. शेवटचे दोन एकाच कामाच्या 'एमएस' आणि 'पीए' प्रती. आत्ता सहाव्या क्रमांकाला ५ आहेत, म्हणून एच-इंडेक्स ५. जोडल्यावर १० झाले, यादी ३०, २१, १४, ११, १०, ७ अशी झाली आणि एच-इंडेक्स ६ झाला.

कमी होण्याचं उदाहरण: १२, १०, ९, ८, ६, ६. इथे एच-इंडेक्स ६. शेवटचे दोन जुळे असतील तर जोडल्यावर १२, १२, १०, ९, ८ उरतात. पेपरच पाच राहिले, एच-इंडेक्स ५.

बेरीजही कधी कधी अपेक्षेपेक्षा कमी भरते. कारण ज्या पेपरने दोन्ही प्रती नोंदवल्या आहेत, तो जोडल्यावर एकदाच मोजला जातो. जोडायची कृती अशी: प्रोफाइलमध्ये दोन्ही नोंदींपुढच्या चौकोनात खूण करा, वर 'मर्ज' दाबा, आणि मुख्य नोंद म्हणून जर्नलची प्रत निवडा. सायटेशनच्या आकड्यापुढे तारांकन आलं तर समजा, की त्यात प्रोफाइलमधल्या नोंदीपेक्षा वेगळ्या असू शकणाऱ्या प्रतींचे सायटेशनही धरले आहेत. ते उघडून पाहा.

आमचं मत: एकच काम असेल तर जोडा, मग आकडा कुठेही जावो. आकडा घटतो म्हणून जुळे वेगळे ठेवणं जाणकार परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

६. परिषदेतला पेपर पीअर रिव्ह्यू झालेला धरायचा का?

सरसकट नाही. एसपीईच्या परिषदांसाठी कार्यक्रम समिती सारांश पाहून निवड करते. पूर्ण हस्तलिखिताचं जर्नलसारखं परीक्षण होत नाही. पूर्ण परीक्षण झाल्याची खूण 'पीए' हीच.

पण म्हणून 'एमएस' पेपर खालच्या दर्जाचे समजू नका. प्रत्यक्ष क्षेत्रातल्या नोंदी, फसलेल्या सिमेंटिंगची कारणं, फ्रॅक्चरिंगच्या टप्प्यांतले दाब, ही माहिती अनेकदा फक्त परिषदेच्या पेपरांतच मिळते. कंपनीतल्या अभियंत्याला सादरीकरणानंतर जर्नलच्या दोन-तीन फेऱ्या करायला ना वेळ असतो ना कारण. संगणकशास्त्रात परिषदांना प्रतिष्ठा आहे म्हणून इथेही तसंच असेल, हा तर्क मात्र चुकीचा आहे. दोन्हीकडची परीक्षणाची रीत वेगळी.

७. आर्ची, आर्प्स यांच्या जुन्या पेपरांचे आकडे प्रत्येक ठिकाणी इतके वेगळे का?

आर्चीचा खडकाच्या विद्युतरोधावरचा पेपर १९४२ चा आहे. बकली आणि लेव्हरेट यांचा वाळूतल्या द्रवविस्थापनावरचा पेपरही त्याच वर्षीचा. आर्प्सचा डिक्लाइन कर्व्हवरचा, म्हणजे विहिरीचं उत्पादन काळानुसार कसं घटतं यावरचा, १९४५ चा. तिन्ही एआयएमई या संस्थेच्या 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये आले, आणि लोक ते नाना तऱ्हांनी लिहितात: कोणी खंड आणि पान, कोणी तांत्रिक प्रकाशनाचा क्रमांक, कोणी नंतर दिलेला वनपेट्रोचा क्रमांक. यंत्राला या वेगवेगळ्या वस्तू वाटतात आणि सायटेशन पाच-सहा नोंदींत विखुरतात.

वनपेट्रोचा क्रमांक वाचता आला तर कोडं सुटतं. आर्चीचा ९४२०५४: १९४२ साल, पान ५४. बकली-लेव्हरेटचा ९४२१०७: तेच साल, पान १०७. आर्प्सचा ९४५२२८: १९४५, पान २२८. शेवटी 'जी' प्रत्यय असतो. नंतरच्या पेपरांना ही युक्ती लागू होत नाही. दुहेरी सच्छिद्रतेवरचा वॉरेन आणि रूट यांचा १९६३ चा पेपर नुसता ४२६ आहे, आणि व्होगेलचा १९६८ चा १४७६.

या पेपरांबाबत आणखी एक गोष्ट घडते. "आर्चीचं समीकरण वापरलं" एवढं लिहून लोक पुढे जातात, संदर्भ देतच नाहीत. ज्ञान पाठ्यपुस्तकात मुरलं की सायटेशन थांबतं. पायाभूत कामाचा आकडा त्याच्या प्रभावापेक्षा लहान दिसतो तो यामुळे.

८. या विषयात किती एच-इंडेक्स 'चांगला' म्हणायचा?

एक आकडा मागू नका, देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

पेट्रोलियम अभियांत्रिकीचे वाचक मोठ्या संख्येने कंपन्यांत आहेत. ते पेपर वाचतात, वापरतात, पण स्वतः लिहीत नाहीत, म्हणून त्यांच्या वापराची नोंद कुठेच होत नाही. माहिती गोपनीय असते. निष्कर्ष अनेकदा सॉफ्टवेअरमध्ये, पेटंटमध्ये किंवा अंतर्गत अहवालात जातात. जीवशास्त्राच्या तुलनेत आकडे कमी असण्याची ही कारणं आहेत.

विषयाच्या आतही दरी आहे. शेल खडकातल्या सूक्ष्म छिद्रांचं रेणुपातळीवरचं अनुकरण, तेलप्राप्तीसाठी नॅनोकण, कार्बन साठवण, मशीन लर्निंग: या विषयांना रसायन, पदार्थविज्ञान, संगणक अशा शेजारच्या क्षेत्रांतून सायटेशन येतात. ड्रिल स्ट्रिंगच्या कंपनांवर काम करणाऱ्याला ते कुठून येणार? त्याचे वाचक मूठभर, आणि त्यातले निम्मे रिगवर. ड्रिलिंगवाल्याची तुलना ड्रिलिंगवाल्याशीच करा, आणि पहिला पेपर साधारण त्याच वर्षी आलेल्यांशी करा.

क्षेत्रानुसार तोललेला आकडा हवा असेल तर स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय पाहा. तो पेपरला त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या, त्याच क्षेत्रातल्या पेपरांशी ताडतो. १ म्हणजे जागतिक सरासरी, १.३५ म्हणजे सरासरीपेक्षा ३५ टक्के जास्त. मात्र दोन खाचा आहेत. पेपर दहा-बाराच असतील तर एकच गाजलेला पेपर सरासरी उचलून धरतो. आणि स्कोपसच्या विषय-वर्गीकरणात 'पेट्रोलियम अभियांत्रिकी' हा वर्गच नाही. पेपर इंधन तंत्रज्ञान, ऊर्जा अभियांत्रिकी किंवा भू-तांत्रिक अभियांत्रिकीत टाकला जातो, म्हणजे रिझर्व्हॉयरचा (तेलसाठ्याच्या खडकाचा) पेपर बॅटरीवाल्यांशी किंवा बोगदेवाल्यांशी तोलला जाऊ शकतो. वेब ऑफ सायन्समध्ये पेट्रोलियमचा स्वतंत्र वर्ग आहे.

९. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा असेल तर पेपर चांगला?

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले लेख, एवढाच तो हिशेब. तेलक्षेत्रातला प्रयोग उभा राहून त्याचे निष्कर्ष यायलाच कधी कधी दोन वर्षं लागतात, त्यामुळे ही खिडकी इथे तोकडी पडते. स्कोपसचा साइटस्कोर चार वर्षांचा असतो आणि त्यात परिषदांचे पेपरही धरतात. तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांशी ताडू नका.

१०. 'जर्नल ऑफ पेट्रोलियम सायन्स अँड इंजिनिअरिंग' हल्ली सापडत नाही. तिथले माझे पेपर गेले का?

नाही. १९८७ पासून चाललेल्या या जर्नलचं नाव २०२३ पासून 'जिओएनर्जी सायन्स अँड इंजिनिअरिंग' झालं. त्याच वर्षी 'जर्नल ऑफ नॅचरल गॅस सायन्स अँड इंजिनिअरिंग'चं 'गॅस सायन्स अँड इंजिनिअरिंग' झालं. आयएसएसएन (जर्नलचा ओळख-क्रमांक) बदलला, म्हणून जर्नलचे आकडे नव्या नावाखाली नव्याने मोजले जाऊ लागले. पेपर, डीओआय आणि सायटेशन जागेवरच आहेत. यादीत जुना पेपर जुन्याच नावाने लिहा. २०१९ च्या पेपरला नवं नाव लावलं तर संदर्भ जुळत नाही आणि सायटेशन निसटतं.

११. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' या यादीत नाव आहे. याला किती किंमत द्यायची?

ही यादी जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांची, स्कोपसच्या माहितीवर आधारलेली. तिचे दोन भाग असतात: संपूर्ण कारकीर्द आणि एकच वर्ष. बातमीत हा फरक क्वचितच सांगतात, तो आधी विचारा.

क्रम सहा घटकांच्या एकत्रित गुणावर लागतो: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकसंख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा पहिल्या स्थानी लिहिलेल्या, तसंच एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या स्थानी लिहिलेल्या पेपरांचे सायटेशन. म्हणजे लेखकांच्या क्रमाला मोठं वजन आहे. शेवटचं नाव प्रयोगशाळाप्रमुखाचं, ही प्रथा त्यात गृहीत आहे. कंपनीच्या पेपरांत शेवटचं नाव कोणाचंही असू शकतं (प्रश्न १४ पाहा).

१२. स्वतःचेच पेपर नोंदवणं गैर आहे का?

मालिकेतलं काम असेल तर अटळ आहे. तिसरा भाग लिहिताना पहिले दोन नोंदवावेच लागतात. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हींत स्व-सायटेशन वगळून आकडा पाहता येतो, आणि प्रश्न ११ मधली यादीही तो वेगळा देते. वगळल्यावर एच-इंडेक्स एक-दोनाने उतरला तर काळजीचं कारण नाही. अर्ध्यावर आला तर संदर्भसूच्या उघडून पाहा.

१३. माझ्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याचे पेपर आले आहेत आणि माझे काही गायब आहेत. काय करू?

आधी ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक घ्या. तो सोळा आकडी आहे, २०१२ पासून सुरू आहे आणि मोफत मिळतो. पेपर पाठवताना दर वेळी तो द्या. मग स्कोपसमध्ये स्वतःच्या नावाच्या सगळ्या नोंदी शोधून एकत्र करण्याची विनंती करा आणि परके पेपर काढायला सांगा. स्कॉलरमध्ये 'आपोआप भर घाला' हा पर्याय बंद करून प्रत्येक नवी नोंद तपासूनच घ्या.

या क्षेत्रात 'अल' ने सुरू होणारी अरबी आडनावं पुष्कळ आहेत. कधी जोडून, कधी आडव्या रेघेने, कधी सुटी लिहिल्यामुळे एका माणसाची तीन प्रोफाइलं तयार होतात. चिनी नावांत उलटं घडतं: एका प्रोफाइलमध्ये चार माणसं. पहिलं लक्षण म्हणजे विषयांची विसंगती. ड्रिलिंग चिखलाच्या पेपरांमध्ये अचानक दंतवैद्यक दिसलं, तर शोध तिथूनच सुरू करा.

१४. पेपरला बारा लेखक आहेत. नेमकं काम कोणाचं?

क्रमावरून खात्रीने सांगता येत नाही. सेवा-कंपनी आणि तेल-कंपनी मिळून लिहितात तेव्हा विहिरीची माहिती देणारे, परवानगी देणारे आणि विश्लेषण करणारे सगळेच यादीत येतात. जर्नलने योगदानाचं निवेदन छापलं असेल तर ते वाचा. क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात चौदा भूमिका असतात. नसेल, तर पहिला लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक, एवढंच ठामपणे धरा.

१५. पेपर मागे घेतला गेला, तरी त्याचे सायटेशन मोजले जातात?

लेखकाच्या प्रोफाइलवरच्या आकड्यांतून ते आपोआप वजा होतील असं धरू नका. मागे घेतलेल्या पेपरला नंतरही सायटेशन मिळत राहतात. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने घेतला आणि तो सर्वांसाठी खुला आहे. त्यात लेखकाचं नाव टाकून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

१६. एका वर्षात सायटेशन अचानक दुप्पट झाले. संशय घ्यावा का?

आधी साधी कारणं तपासा. डेटाबेसने जुन्या परिषदांचे खंड नव्याने भरले असतील. प्रोफाइल जोडली गेली असतील. आढावा लेख आला असेल. आढाव्यांना मूळ संशोधनापेक्षा सहज जास्त सायटेशन मिळतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मांडा. किंवा जुनी पद्धत नव्या क्षेत्रात उपयोगी पडली असेल. तेलासाठी लिहिलेले आवरण-खडकावरचे (साठ्याला वरून बंद करणाऱ्या थरावरचे) पेपर कार्बन साठवणीमुळे पुन्हा वाचले जाऊ लागले, तसं.

यातलं काहीच नसेल, तर सायटेशन देणारे पेपर जर्नलनुसार आणि लेखकानुसार लावा. बहुतेक सायटेशन दोन-तीन जर्नलमधून, त्याच सात-आठ लेखकांकडून, आणि प्रस्तावनेतल्या एकाच वाक्यात वीस संदर्भांच्या गठ्ठ्यात येत असतील, तर तो आकडा बाजूला ठेवा. त्याऐवजी संशोधकाला स्वतःचे पाच पेपर निवडायला सांगा आणि ते वाचा.